डाव्या पायातला चाळ

दगडूतात्या हळू आवाजात बोललेले मी आयुष्यात एकदाच ऐकलेत. ते शेवटी सांगते. एरवी हा माणूस देवाशीसुद्धा ओरडूनच बोलायचा. बोईसरजवळ सरावलीत आमच्या खोल्या लागून होत्या, मधली भिंत अर्ध्या विटेची. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे त्यांची करवत. मी ब्लाउज शिवते, तात्या लाकडाचे नाचणारे कापायचे. दोन्ही मशिनं एकदम सुरू झाली की आमचे हे रात्रपाळी करून आलेले बिचारे उशीत डोकं खुपसून म्हणायचे, "एमआयडीसीत यापेक्षा शांतता असते."

ती करवत म्हणजे मूळ माझ्या सासूबाईंचं पायाने चालवायचं शिलाई मशीन. गंजून दारात पडलं होतं. तात्या एका गिरणीत फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले, हात शिवशिवत असायचे. एक दिवस कमरेवर हात ठेवून मशिनासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, ह्या मढ्याला कशाला सांभाळताय? द्या हिकडं." मी द्या-घ्या म्हणायच्या आत उचलूनही नेलं. आठवड्याभराने बघते तर सुईच्या जागी केसासारखं बारीक पातं बसलेलं, खाली पायटा तसाच. पायटा मारला की पातं वरखाली, आणि त्याच्यापुढे पातळ प्लाय फिरवत न्यायचा. बाजारात अशा विजेच्या मशिनला स्क्रोल सॉ म्हणतात. तात्या नुसतं "करवत" म्हणायचे. "वीज गेली तरी चालते आणि ठेकेदाराच्या बापाला भीत नाय," असं वर ऐकवायचे. सासूबाई मात्र शेवटपर्यंत "माझं मशीन" म्हणत राहिल्या, आणि तात्याही शेवटपर्यंत "आलं का शहाणपण!" म्हणून त्यांना उत्तर देत राहिले.

"आलं का शहाणपण!" हे त्यांचं ठरलेलं. पाण्याचा टँकर उशिरा आला, भाजीवाल्याने कोथिंबीर घातली नाही, कुणी सल्ला दिला, टीव्हीवर मंत्री बोलला, सगळ्याला हेच.

तात्यांच्या कामात एक गंमत होती. चित्र कागदावर काढायचे नाहीत. आधी पायटा सोडून उठायचे, दाराची चौकट धरून एक पाय उचलायचे, स्वतःच्याच पायाकडे रागाने बघायचे, मग बसून प्लायवर पेन्सिलीने दोन रेघा मारायचे. पुन्हा उठायचे. पुन्हा पाय. नवीन गिऱ्हाईक दारात आलं की त्याला दिसायचा तो लुंगी खोचून एका पायावर उभा असलेला म्हातारा. काही जण तिथूनच परत फिरायचे. आतला भाग कापायचा झाला तर गिरमिटाने भोक पाडायचे, पातं एका टोकाला सोडवून सुईत दोरा ओवतात तसं त्यातून ओवायचे आणि पुन्हा आवळायचे. दोन बोटांमधल्या फटीसाठीसुद्धा एवढा खटाटोप. पण चेहरा कधी कापला नाही. नाक नाही, डोळे नाहीत. मी एकदा विचारलं, तर खेकसले, "नाचणारा पायान नाचतो वैनी, थोबाडान नाय."

एकदा मनोरच्या हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने त्यांना बोलावून नृत्यांगनेचं चित्र दिलं, मीही सोबत गेले होते. एक गुडघा वाकलेला, दुसरा पाय आडवा वर, हात कुठल्या कुठे. भिंतीवर माणसाएवढी हवी म्हणाला. तात्यांनी चित्र बघितलं आणि त्याच्याच गल्ल्यासमोर त्याला झापलं, "ही बाय पडंल. असं कोण उभा ऱ्हातंय? मी पडणारी माणसं कापत नाय." हॉटेलवाल्याची बायको बाजूला वाट्यांमध्ये बडीशेप भरत होती. चांगली अंगापिंडाने भरलेली, माझ्याहून दुप्पट. ती उठली, पदर खोचला आणि चित्रातल्यासारखी उभी राहिली. उभीच राहिली. वेटर थांबले, गिऱ्हाइकांचे घास हातात. बाई तात्यांच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, "लहानपणी शिकले होते. आता सांगा, पडते का?"

घरी आल्यावर तात्या जो आरडाओरडा करत सुटले! बाईवर, हॉटेलवर, भरतनाट्यमवर, मी उगाच सोबत आले म्हणून माझ्यावरही. पण कापली. आणि काय कापली! पोचवायला निघाले तेव्हा मला म्हणाले, "चित्रावरनं नाय कापली. त्या बायच्या पायावरनं कापली." चूक कबूल करायची त्यांची रीत ही एवढीच.

आता सदूचं सांगते. सदूचं सांगायचं म्हणजे माझ्या डोक्यात तिडीक जाते, पण त्याच्याशिवाय तात्या कळायचे नाहीत.

सदू तात्यांचा धाकटा भाऊ. दोघे रत्नागिरीकडचे. इकडे त्यांच्या भागातली पुष्कळ माणसं कंपन्यांमध्ये आहेत. गणपतीला सगळं कोकण गावी पळतं, पण पाळीवाल्यांना रजा कोण देतो? मग ज्यांना जाता यायचं नाही ते सरावलीतच गणपती बसवायचे आणि जाखडी नाचायचे. मधे ढोलकीवाला आणि गाणारे बसतात, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण. प्रत्येकाच्या उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांचा पट्टा. सगळ्यांचा उजवा पाय एकदम वर, एकदम खाली, घुंगरांचा आवाज एकच. तात्या त्या नाचाचे म्होरके, आणि सदू त्यांच्या डाव्या नाही, उजव्या हाताला. लहानपणापासून तीच जागा.

सदू केमिकलच्या एका कंपनीत होता. नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग. एक दिवस अ‍ॅसिडचा ड्रम घसरला आणि त्याचा उजवा पाय घोट्यापाशी भाजला. गमबूट? गमबूट होते की, स्टोअरमध्ये कुलपात होते. साहेब घरी आला, केळी घेऊन आला मेला, आणि जाताना म्हणाला, "कामगाराने स्वतः काळजी घ्यायला हवी. चूक याची आहे." सदू खाली मान घालून "हो साहेब" म्हणाला. त्याचा स्वभावच तसा. तात्या तेव्हा रिटायर झाले नव्हते, कामावर होते, नाहीतर ती केळी साहेबाच्या डोक्यावर बसली असती.

पाय बरा झाला, पण घोट्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. चाळ बांधला की रक्त यायचं. मग सदूने काय करावं? चाळ डाव्या पायात बांधला. आणि ज्या पायात चाळ तोच पाय उचलायचा, म्हणून सगळ्यांचा उजवा वर तेव्हा याचा डावा. डाव्या बाजूला उभे तात्या. सदूचा डावा आणि तात्यांचा उजवा, हवेत एकमेकांवर आपटायचे. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण खरी मजा पुढेच. थोरल्या भावाला पाय लागला! आपल्यात कुणाला पाय लागला की आपण पटकन हात लावून नमस्कार करतो ना, तसा सदू नाचता नाचता अर्धा वाकायचा आणि छातीला हात लावायचा. की ताल गेला. की मागचा त्याच्यावर. की तात्या तिथून बोंबलणार, "अरे नमस्कार घरी कर रे! हितं नाच!" पुढच्या फेरीला पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. लोक म्हणायचे, तात्या, सदूला दुसरीकडे उभा करा. तात्या म्हणायचे, "आलं का शहाणपण! भाव हाय तो माजा. आपटू दे."

मग एका दुपारी त्या कंपनीत आवाज झाला. आमच्याकडे आवाज झाला की बायका आधी घड्याळ बघतात, आपला माणूस कुठल्या पाळीला आहे ते. मीही बघितलं. आमचे हे घरात होते. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात पलीकडची करवत थांबली. सदू पहिल्या पाळीला होता.

गेटवर पोचलो तर कुणी आत सोडेना. सदू गेला हे तिथेच कळलं. पाठीमागे धूर, आणि पुढे इस्त्रीच्या शर्टातला एक जण घोळक्याला सांगत होता, "प्राथमिक अंदाज असा आहे की कामगाराच्या चुकीमुळे..." पुढचं त्याला बोलता आलं नाही. तात्यांनी गेटच्या गजांमधून हात घालून त्याची कॉलर धरली होती. "चूक? मेला तो माजा भाव, आनि चूक पन त्याचीच? पाय जळला तवाबी त्याचीच, आता तो जळला तवाबी त्याचीच? तुमी काय देव हाय रे?" चौघांनी मिळून सोडवलं. मला विचाराल तर सोडवायला नको होतं. अजून म्हणते, नको होतं.

तात्यांनी नाच बंद केला. स्वतःचा चाळ आणि सदूचा चाळ एका बिस्किटाच्या डब्यात घालून डबा फळीवर टाकला. पण त्याच वर्षी गणपतीच्या आधी पलीकडची करवत सुरू झाली ती थांबेचना. मी डोकावले. तात्या चौकट धरून उभे होते आणि डावा पाय उचललेला होता. आजवर मी त्यांना डावा पाय उचलताना कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, भाजी आणलीय, ठेवून जाते.

ते मखर होतं. गणपतीच्या पाठीमागे कमानीसारखं उभं रिंगण, सगळे नाचणारे, सगळ्यांचे पाय एका अंगाला. त्यात एकाचा पाय दुसऱ्या अंगाला, आणि एक हात कमरेवर असायचा तो छातीशी. त्याचा पाय शेजारच्या माणसाच्या पायाला लागलेला. आणि लागलेला म्हणजे नुसता चिकटवलेला नाही. तिथे करवत थांबवली होती. दोन पायांच्या मधलं लाकूड एकच. तात्यांनी मला बोट लावून दाखवलं. "हितनं कापलं नाय. हे दोघं सुटनार नाय." पुढे दरवर्षी नवं मखर व्हायचं, वेली बदलायच्या, मोर यायचे जायचे. रिंगणात ते दोघे तसेच.

जुन्या माणसांना माहीत होतं. पण कंपन्यांमधली माणसं बदलतात, खोल्या बदलतात, तसं मंडळही बदललं. गेल्या वर्षी नव्या सेक्रेटरीने तात्यांचा गुडघा दुखतो हे कारण काढलं. दुखत होताच, पायटा मारताना भिंतीपलीकडून मला कण्हणं ऐकू यायचं. "तात्या, तुम्ही आता आराम करा," असं म्हणून त्याने जुन्या मखराचा मोबाईलवर फोटो काढला आणि बोईसरला हेमंत नावाच्या पोराच्या लेझर कटिंगच्या दुकानात दिला. विचारलं? विचारायचं कशाला! म्हाताऱ्या माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याला न विचारता सगळं ठरवायचं, ही नवी पद्धत.

गणपतीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून मखर उतरलं. मोठं, गुळगुळीत, कडा लेझरने करपून चॉकलेटी झालेल्या. तात्या बघायला आले. मला वाटलं आता चोरी केली म्हणून ओरडतील. ते ओरडले नाहीत. नेहमीच्या जागी बोट नेलं आणि ते बोट तिथेच फिरत राहिलं. तिथे फट होती. सगळ्यांचे पाय एका अंगाला, सगळ्यांचे हात कमरेवर.

हेमंत तिथेच उभा होता. पोरगा वाईट नाही, नम्र आहे. म्हणाला, "काका, डिझाइन तुमचंच आहे, मी सगळ्यांना सांगतो. फक्त एकाचा पाय उलटा पडला होता आणि हात चुकला होता. तेवढी चूक काढून टाकली."

"कुनाची चूक?"

"म्हणजे... कापताना झाली असेल ना काका."

"भाव हाय तो माजा!" मंडपाचं कापड हललं असेल एवढा आवाज. "तुमाला सगळ्यांना त्याचीच चूक कशी रे दिसते? कंपनीला त्याची चूक, सायबाला त्याची चूक, आता तुज्या मशिनलाबी त्याचीच चूक?"

हेमंतचं तोंड उतरलं. "काका, आईशप्पथ मला माहीत नव्हतं. फाईल आहे माझ्याकडे, एका मिनिटात पाय फिरवून देतो." खरं म्हणजे तो दुकानात परत जायलाही तयार होता. पण सेक्रेटरी मधे पडला. "आता कुठे? सकाळी प्रतिष्ठापना आहे. आणि तात्या, रागावू नका, पण बघा ना, आता कसं सगळं एकसारखं दिसतंय."

एकसारखं! माझ्या हातात पंचपाळं होतं, ते त्याच्या अंगावर फेकायचं तेवढं राहिलं. सदू जिवंत असताना एकसारखा नव्हता म्हणून तुम्ही हसलात, मेला तेव्हा चूक त्याची म्हणून गप्प बसलात, आणि आता लाकडातूनही त्याला सरळ करून टाकलात.

तात्या एवढंच म्हणाले, "सदूला रिंगनात घेतल्याबिगर ह्यो गनपती मी उटू देनार नाय." आणि गेले.

पलीकडची करवत संध्याकाळभर चालली. दुसऱ्या दिवशी तात्या मंडपात आले ते एकटा सदू कापून घेऊन. डावा पाय वर, हात छातीशी, पाठीला गोंद लावायची जागा घासून तयार. पण तोवर मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली होती. गुरुजी म्हणाले, "आता विसर्जनापर्यंत मखराला हात लावायचा नाही." यावर तात्यांनी भांडण केलं असतं असं तुम्हाला वाटेल. नाही केलं. कोकणातला माणूस, गणपती बसल्यावर मखराला हात त्यांनी स्वतःही लावला नसता. तिथेच उभे राहून दात खात राहिले. मग घरी गेले आणि बिस्किटाचा डबा घेऊन आले.

पहिली पाळी सुटून माणसं आली होती, चार वाजता नाच ठरलेला. तात्यांनी लाकडाचा सदू माझ्या हातात दिला, "धरा वैनी," आणि खाली बसून सदूचा चाळ काढला. डाव्या पायात बांधला. रिंगणात इतक्या वर्षांनी तात्या उतरले म्हणून टाळ्या पडल्या. सदूच्या जागेवर उभे राहिले. त्यांच्या डाव्या हाताला एक तरुण पोरगा होता, नुकताच कंपनीत लागलेला.

ढोलकी सुरू झाली. सगळ्यांचा उजवा पाय वर, तात्यांचा डावा. दुखऱ्या गुडघ्यावर उभे राहून त्यांनी तो असा उचलला की चाळ खणकन वाजला, भलत्याच ठिकाणी. लोक हसले. पोरगा दचकून बाजूला झाला. पुढच्या फेरीला आणखी बाजूला. सेक्रेटरी माइकवर म्हणाला, "तात्या, पाय चुकतोय!"

"चुकत नाय!" तात्या गरजले. पुन्हा डावा पाय वर. पोरगा पुन्हा मागे. मागचे दोघे एकमेकांवर आपटले, रिंगण तुटलं आणि ढोलकी थांबली.

तात्या हटले नाहीत. डावा पाय हवेत धरून तसेच उभे राहिले, शेजारच्या मोकळ्या जागेकडे. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला.

"पाय लावा रे कुनीतरी."

ढोलकी थांबली होती म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला. कुणी हललं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला पाय कसा लावायचा? पोरगा तर दोन्ही हात जोडून उभा होता, "नको तात्या, पाप लागेल" म्हणत होता. चांगले संस्कार झालेली मुलं सगळी. माझ्या हातात तो लाकडाचा सदू होता आणि मला रिंगणातल्या एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

त्यानंतर आठवड्याभरात तात्या खोली सोडून गावी गेले. करवत मला परत देऊन गेले, सदू माझ्या भिंतीवर आहे. पण त्यांना आठवायचं म्हटलं की मला तेवढंच दिसतं. बराच वेळ धरलेला तो पाय त्यांनी खाली ठेवला. चाळ एकदा वाजला. मग तात्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळून अर्धवट वाकले आणि धाकट्या भावाला पाय लागावा तसा त्यांनी पटकन छातीला हात लावला.